दोघांत एक ताट

ताट टेबलावर आलं तसं ल्युबोशने ते बोटाने हलकेच फिरवलं. लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्याची जाड बाजू यार्मिलाकडे आली, कोरडी त्याच्याकडे राहिली. मग त्याने दोन काट्यांपैकी एक रुमालाने पुसून तिच्या हातात दिला.

"तू सुरू कर. मी आधी बिअरचा समाचार घेतो."

बिअरही एकच होती, तीही लहान पेल्यातली. वेटर अजून तिथेच उभा होता. त्याने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा दोघांकडे, आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. ल्युबोशने कोटाच्या खिशावर थाप मारत हसून उत्तर दिलं. वेटर हसला नाही. जाताना त्याने यार्मिलाकडे एक नजर टाकली, आणि ती नजर तिला पुरती ओळखीची होती. व्हिएन्नापासून ती तिच्या मागे लागली होती. व्हिएन्नाच्या द्राक्षमळ्यातल्या गुत्त्यात, ग्राझला भोपळ्याच्या बियांचं हिरवं तेल घातलेली कोशिंबीर खाताना, आणि आता इथे ल्युब्लियानाच्या नदीकाठी. कीव आल्यासारखी नजर.

तिने गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला. कितीही लिपस्टिक लावा, लोकांना कळतंच, असं तिला वाटलं. आजार चेहऱ्यावरून उतरला तरी डोळ्यांत बसून राहतो.

"काय म्हणत होता?" तिने विचारलं.

"आणखी काही हवंय का म्हणे. म्हटलं, बघू."

ताटात श्त्रुक्ली होत्या. पातळ लाटलेल्या पोळीत चक्का भरून, गुंडाळून, उकडलेल्या. यार्मिलाने पहिला घास जिभेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मिकुलोवच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभं आयुष्य काढलं होतं. तीनशे पोरांचं दुपारचं जेवण तिच्या हाताखालून जायचं. पोळी लाटणारीचा हात हलका आहे, हे तिला पहिल्या घासातच कळलं. चक्क्यात अंडं मात्र एखादं जास्त पडलंय. दुसरा घास. तिसरा. चौथ्याला पोटात तो ओळखीचा दगड पडला आणि तिने काटा ठेवून दिला.

गेल्या हिवाळ्यात ब्र्नोच्या इस्पितळात तिच्या पोटाचा मोठा भाग काढून टाकला होता. उरलेल्या तुकड्याला एका वेळी एवढंच झेपायचं. एखादा घास जास्त झाला तर घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि आडवं पडावं लागायचं. नुसतं एवढंच खाल्लं तरी थोडं आडवं पडावं लागायचंच. डॉक्टर म्हणाले होते, फिरायला जा, मजा करा, नोव्हेंबरात तपासणीला या. त्या नोव्हेंबरबद्दल दोघं एकमेकांशी बोलत नसत.

ल्युबोशने थोडा वेळ वाट पाहिली. ती आता खात नाही याची खात्री झाल्यावर त्याने ताट स्वतःकडे ओढलं आणि उरलेलं लहान लहान घासांनी खाल्लं, परक्याच्या घरी पाहुणा खातो तसं.

"तुला दुसरं काही मागव ना," ती म्हणाली.

"छे. वय झालं आता. भूक मेली माझी."

हे तो गेला हिवाळाभर म्हणत आला होता आणि तिने ते खरं मानलं होतं. नाहीतर एकेकाळी ल्युबोशच्या भुकेचं गावात नाव होतं. लग्नकार्यात यजमान त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवायचे, म्हणजे स्वयंपाकघर जवळ पडावं. तो मालगाडीचं इंजिन चालवायचा. रात्रपाळी करून घरी आला की कोबी, डुकराचं मांस आणि पावाचे डम्पलिंग यांचा डोंगर तो बोलता बोलता सपाट करायचा. खाताना त्याचे कान हलायचे. लग्नाआधी यार्मिलाच्या आईने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती पदार्थ वाढायचं विसरून नुसती बघत राहिली होती.

ही सहलही त्याचीच कल्पना. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो मालगाड्या घेऊन व्हिएन्नाला जायचा, ग्राझला, कधी इथवरही. पण पाहिलं काय, तर मालधक्के, कोळशाचे ढीग आणि सिग्नल. "ह्या सगळ्या शहरांच्या परसदारातूनच आलो-गेलो मी," इस्पितळातून घरी येताना तो गाडीत तिला म्हणाला होता. "तू बरी झालीस की एकदा पुढच्या दाराने जाऊ." रेल्वेच्या निवृत्तांना मिळणारा सवलतीचा पास होता. राहायला तरुण पोरांच्या वसतिगृहातल्या खोल्या होत्या. नळाचं पाणी प्यायचं, पायी हिंडायचं, आणि प्रत्येक गावात तिथलं म्हणून जे काही असेल त्याचं एक ताट आणि एक पेला घ्यायचा. दोघांत मिळून.

खोलीवर आल्यावर यार्मिला पलंगावर आडवी झाली. ल्युबोशने खिडकीचा पडदा ओढला, तिच्या पायांवर शाल टाकली.

"मी जरा स्टेशनवर जाऊन येतो. इंजिनं बघायला."

"काल बघितलीस की."

"रोज वेगळी असतात," तो म्हणाला आणि दार हळूच लावून गेला.

रोज दुपारी तो असाच जायचा. आणि परत आला की त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास यायचा. यार्मिलाच्या मनात त्या वासाने घर केलं होतं. तिच्या ऑपरेशनच्या दिवशी त्याने सिगारेट सोडली होती. इस्पितळाच्या पायऱ्यांवरच अख्खं पाकीट चुरगाळून टाकलं होतं, असं तिच्या मुलीने तिला सांगितलं होतं. आता पेपरमिंट कशाला? तिला राग नव्हता. नवऱ्याला काळजी कुठेतरी बाहेर टाकावी लागते, आणि धुराबरोबर ती बरी जाते. पण विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारलं तर त्याला खोटं बोलावं लागेल, आणि खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. उगीच दोघांची पंचाईत.

त्या दिवशी तिला झोप लागली नाही. अंगात बरं वाटत होतं. पडून पडून कंटाळल्यावर तिने बूट चढवले. स्टेशनवर जाऊन त्याला चकित करावं, दोघांनी मिळून इंजिनं बघावीत आणि सिगारेट ओढताना सापडला तर एक झुरका आपणही घ्यावा, असं काहीतरी तिच्या मनात होतं. ऑक्टोबरचं ऊन मऊ होतं. चौकात फुलवाल्या बायका शेवंतीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

स्टेशनसमोरच्या रस्त्यावर, टपऱ्यांच्या रांगेत, तिला त्याची टोपी दिसली.

ल्युबोश उंच टेबलाशी उभा होता, रस्त्याकडे पाठ करून, भिंतीला नाक लावल्यासारखा. त्याच्या पुढ्यात कागदाच्या ताटलीत जाडजूड सॉसेज होतं. शेजारी पाव, मोहरीचा ढीग. तो खात होता. पाहुण्यासारखं नाही. त्याने सॉसेज मोहरीत बुडवलं, डोळे अर्धे मिटले, आणि यार्मिलाला तिथल्या एका फुलवालीच्या छत्रीमागून स्पष्ट दिसलं की त्याचे कान हलतायत.

सॉसेज संपलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं, शेजारच्या टपरीवरून चीज भरलेला पापुद्र्यांचा बुरेक आणला, तेलाने कागद पारदर्शक झालेला, आणि तोही संपवला. शेवटी कागदावरचे पापुद्रे ओल्या बोटाने टिपले. मग दुकानाच्या काचेत बघून मिशा पुसल्या, कोटावरचे कण झटकले, खिशातून पेपरमिंट काढून तोंडात टाकलं. चोरी करून निघालेल्या माणसाने हात धुवावेत, तसं सगळं अगदी व्यवस्थित.

आधी तिला लागलं. एवढ्या महिन्यांचं हे नाटक, भूक मेली म्हणे. पण लागलेलं फार टिकलं नाही. छत्रीमागे उभ्या उभ्या तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं.

"ताई, फुलं हवीत का?" फुलवालीने विचारलं.

यार्मिलाने नकारार्थी मान हलवली आणि त्याच्याआधी पोचावं म्हणून लगबगीने खोलीवर परतली. तो आला तेव्हा ती शाल पांघरून डोळे चोळत होती.

"बघितलीस इंजिनं?"

"बघितली ना."

"कशी होती?"

"एक छोटं होतं, पण दमदार," ल्युबोश बूट काढत म्हणाला. "आणि एक मोठं. जुन्या पद्धतीचं."

"गरम?"

"म्हणजे काय, वाफ निघत होती."

तिने तोंड उशीत खुपसलं. खांदे हलताना दिसू नयेत म्हणून खोकल्याचं सोंग केलं. तो घाबरून पाणी घेऊन धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोली सोडली. त्रिएस्तला जायचं होतं, समुद्रावर, तळलेल्या सार्डिन खायला आणि तिथली काळीकुट्ट कॉफी प्यायला. पण वाटेत क्रासच्या पठारावर उतरून एखादी ओस्मित्सा गाठायची, असं ल्युबोशने ठरवून ठेवलं होतं. त्या भागातले शेतकरी वर्षातून थोडे दिवस आपल्याच अंगणात टेबलं मांडतात आणि घरची वाइन, घरचं सुकवलेलं मांस विकतात. फाट्यावर आयव्हीची हिरवी फांदी टांगलेली दिसली की समजायचं, कुणाचं तरी घर उघडं आहे.

छोट्याशा स्टेशनवर ते दोघंच उतरले. तांबडी माती, दगडी कुंपणं, आणि कुंपणांच्या आडून पेटल्यासारखी लाल झालेली झुडपं. वारा होता. ल्युबोशने दोघांचं सामान एकाच पाठपिशवीत भरून स्वतःच्या पाठीवर घेतलं होतं. यार्मिला मधूनमधून कुंपणावर टेकायची, तो तेवढ्यात काहीतरी बघण्यासारखं शोधून काढायचा. सरडा, जुनी विहीर, नाहीतर दगडात कोरलेलं कुणाचं तरी नाव. तिला टेकायचंच होतं असं वाटू नये म्हणून.

दुसऱ्या फाट्यावर फांदी दिसली.

अंगणात तुतीचं झाड होतं आणि त्याखाली लांब बाकं. दुपारची गर्दी ओसरली होती. घराची मालकीण, नेवेन्का, साठीची, दंडावर पीठ लागलेली बाई, बाह्या सावरत त्यांच्यापाशी आली. तिची भाषा आणि यांची भाषा चुलत बहिणी. हळू बोललं तर अर्ध्याहून जास्त कळायचं.

"काय आणू?"

"एक लहान ताट," ल्युबोश म्हणाला. "हॅम मऊ असेल तेवढं. एक उकडलेलं अंडं. आणि तेरान वाइन, एक पेला."

"एक?"

"एक."

"दोघांत?"

"दोघांत."

नेवेन्काने कमरेवर हात ठेवले.

"चेक ना तुम्ही? ओळखलंच मी. उन्हाळ्यात समुद्राकडे जाताना तुमच्या गाड्या ह्याच रस्त्याने जातात. मागच्या सीटवर तळलेली कटलेटं, डिकीत बटाट्यांचं पोतं. प्यायचं पाणीसुद्धा घरून! आमच्याकडचं काय घेता हो तुम्ही? ऊन. कारण ते फुकट आहे."

शेजारच्या बाकावरचे दोन म्हातारे गालात हसले. ल्युबोशने टोपी मागे सारली आणि खिशावर थाप मारली. कालच्या वेटरपुढे मारली होती तशीच.

"बाई, बरोबर ओळखलंत. माझ्यासारखा चिकट माणूस अख्ख्या मोराव्हियात सापडायचा नाही. ही बिचारी माझ्याशी लग्न झाल्यापासून अर्धपोटी."

नेवेन्काने यार्मिलाकडे पाहिलं. तीच नजर.

यार्मिलाच्या हातात मफलरचं टोक होतं, ते तसंच राहिलं. जर्मन तिला येत नव्हतं, म्हणून आजवर कळलं नव्हतं. व्हिएन्नात, ग्राझला, काल नदीकाठी, प्रत्येक ठिकाणी तो हेच सांगत आला होता तर. खिशावर थाप मारून. त्या सगळ्या माणसांना तिचा आजार दिसलाच नव्हता. त्यांना दिसली होती ती एका कवडीचुंबक नवऱ्याची बायको. गळ्याची हाडं, खोल गेलेले डोळे, लिपस्टिक, कशाकशाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. कुणालाही वाटलं नव्हतं की ही बाई मरायला टेकली होती. त्यांना वाटलं, हिला नवरा धड जेवू घालत नाही, एवढंच.

तिला एवढं हलकं वाटलं की तिने बाकाची कड धरली.

"अर्धपोटी आहे हे खरंय," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला मोठा वाटला. "पण ह्याच्यामुळे नाही. डॉक्टरांमुळे."

नेवेन्काला नीट कळलं नाही. तेव्हा यार्मिलाने उठून कोट उघडला, आणि स्वेटरवरून हाताने आडवी रेघ ओढून दाखवली. एवढं होतं, एवढं काढलं, एवढं राहिलं. परक्या माणसाला हे तिने पहिल्यांदाच सांगितलं. शेजारणींनाही मुलीनेच सांगितलं होतं.

"चार घास खाते. मग झालं. म्हणून एक ताट."

वारा तुतीतून गेला. मग नेवेन्का ल्युबोशवर उखडली.

"मग हे आधी सांगता येत नाही? मी इकडे तुम्हाला चार लोकांत शिव्या घालतेय, आणि तुम्ही हसत ऐकून घेताय!"

"सवय झालीय," ल्युबोश पुटपुटला. "माझं पोट मोठं आहे. शिव्या पचतात."

"आता ह्याच्यासाठी वेगळं ताट आणा," यार्मिला म्हणाली. "मोठं. हॅम, सॉसेज, अंडी, चीज, जे असेल ते. मोहरी भरपूर."

"मला नको ग. भूक नाहीये."

"काल स्टेशनवर दोन इंजिनं संपवलीस तेव्हा होती ना?"

ल्युबोशने टोपी काढली. ती टेबलावर ठेवली, परत उचलली, गुडघ्यावर ठेवली. त्याचे कान आधी लाल झाले, मग मानही. नेवेन्काला इंजिनांचं काही कळलं नसावं, पण नवराबायकोत काहीतरी चाललंय एवढं ओळखून ती आत निघून गेली.

"कधीपासून माहितीये तुला?"

"कालपासून. मला वाटत होतं, सिगारेट ओढतोस."

"सिगारेट परवडली असती," तो म्हणाला. बराच वेळ तो टोपीचा काठ फिरवत राहिला. "तुझ्यासमोर कसं खाऊ, सांग. तू चौथ्या घासाला काटा खाली ठेवतेस. त्यानंतर माझा हातच पुढे जात नाही. चोरट्यासारखं खातो मी, आणि वर चव लागते याचीच लाज वाटते."

यार्मिलाने त्याच्या हातातून टोपी काढून घेतली आणि बाकावर ठेवली.

"मी जन्मभर दुसऱ्यांना खाताना बघत आले. शाळेत पोरं जेवायला बसली की मी खिडकीतून बघायची. माझं निम्मं जेवण तिथेच व्हायचं. घरी आल्यावर उरलेलं निम्मं तुला बघून." ती थांबली. "अर्धं पोट डॉक्टरांनी नेलं, ल्युबोश. उरलेलं तू उपाशी ठेवलंस."

तेवढ्यात ताट आलं. लाकडी फळीवर गुलाबी हॅमच्या पातळ चकत्या, दोन प्रकारची सॉसेजं, चीज, मुळ्याच्या किसासोबत अंडी, जाड कापलेला पाव. आणि एक बशी वेगळी, तिच्यात हॅम अगदी कागदासारखं कापलेलं.

"ही तुमची," नेवेन्का यार्मिलाला म्हणाली. "संपवायची नाही. नुसती जवळ ठेवायची. माझ्या वडिलांचं पोटही असंच कापलं होतं. ताटावर बसून जेवले की आजारी पडायचे. शेवटी आई म्हणाली, कोंबडी कधी ताटावर बसते का? दिवसभर टिपत हिंडा. मग खिशात पावाचे तुकडे घेऊन शेतात जायचे. पुढे कितीतरी वर्षं जगले, आणि आईच्या डोक्याला शेवटपर्यंत ताप दिला." तिने पेला पुढे सरकवला. "तेरान एक घोट घ्या. आमच्याकडे म्हणतात, रक्त वाढतं. वाढतं की नाही देवाला ठाऊक, पण गालांवर रंग तरी येतो."

वाइन जांभळटकाळी होती आणि चांगलीच आंबट. घोट घेतल्यावर यार्मिलाचा जबडा आवळला. ल्युबोशने मोराव्हियाच्या माणसाला शोभेल अशा गांभीर्याने पेला उजेडात धरला, हुंगला, तोंडात घोळवला आणि "आपल्याकडे हिला व्हिनेगर म्हणतात" असं म्हणून दुसरा घोट घेतला. तिसऱ्या घोटाला त्याचं मत बदललं होतं.

मग त्याने पावावर हॅम ठेवलं. एकदा तिच्याकडे बघितलं. ती हनुवटी तळहातावर टेकून बसली होती.

"बघतेस काय?"

"खा की."

तो जेवला. सुरुवातीला अवघडून, मग विसरून. मोहरी मिशांना लागली ती तशीच राहिली. तुतीची पिवळी पानं फळीवर पडत होती आणि तो ती बाजूला करत खात होता. यार्मिला मधूनमधून आपल्या बशीतली एखादी चकती जिभेवर ठेवायची. मिठाचा, वाऱ्याचा वास होता तिला. ती विरघळेपर्यंत दुसरी घ्यायची घाई नव्हती. आपल्याला हा माणूस मिळाला, ही दुपार मिळाली, असं काहीतरी तिच्या मनात आलं. चर्चमध्ये म्हणतात तसले शब्द नव्हते त्याला. तिने नुसता त्याच्या पेल्यातला आणखी एक घोट घेतला.

वारा वाढला तशी तिला थंडी वाजायला लागली. त्याच सुमाराला डोंगर चढून आलेला एक घोळका अंगणात शिरला, दहाबारा जण, भुकेने कलकलणारे. नेवेन्का एकटीच धावपळ करत होती. जाता जाता ती यार्मिलाला म्हणाली, "आत चुलीपाशी बसा. इथे गारठून जाल."

स्वयंपाकघर ठेंगणं आणि काळवंडलेलं होतं. यार्मिला दारात थबकली. ऑपरेशननंतर शिजणाऱ्या अन्नाचा वास तिला सहन होत नसे. घरी ल्युबोश पेज शिजवायचा, ती करपवायचा, आणि वास तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचा. हिवाळ्यापासून ती कुठल्याच चुलीजवळ गेली नव्हती. इथे मोठ्या पातेल्यात योता रटरटत होतं. आंबवलेला कोबी, घेवडा, बटाटा, धुरावलेलं मांस. ती वासाची वाट बघत उभी राहिली. वास आला, आणि पोटात काहीच ढवळलं नाही.

नेवेन्का दोन्ही हातांत ताटल्या घेऊन आत-बाहेर करत होती.

"एवढं मीठ बघता का जरा? मला वेळ नाही."

यार्मिलाच्या हातात डाव आला तो कसा आला हे तिला कळलं नाही. तिने काठावर फुंकर घातली आणि चाखलं.

"मीठ बरोबर आहे. आंबट पुढे पळतंय."

"कोबी जुना आहे. नवा अजून मुरला नाही."

"बटाटा कुस्करून घाला ह्यातलाच. दाटपणा येईल, आंबटही बसेल."

"घाला मग. बघत काय बसलात?"

यार्मिलाने कोट काढला. खुंटीवरचं फडकं कमरेला खोचलं. पातेल्यातले बटाटे डावाने कडेला दाबून चिरडले, ढवळलं, चाखलं. थोडं थांबून परत चाखलं.

"शहाजिरं आहे?"

"आमच्यात नाही घालत."

"आमच्यात घालतात."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग नेवेन्काने कोपराने खण उघडला आणि काही न बोलता बरणी पुढे ठेवली. चिमूटभर शहाजिरं हातावर चोळून यार्मिलाने वरून टाकलं, आणि पुन्हा डाव बुडवला. बाहेर वाट्या गेल्या, रिकाम्या परत आल्या, पुन्हा भरून गेल्या. म्हाताऱ्यांपैकी एकाने आत डोकावून विचारलं की आज ह्यात काय घातलंय. "परदेशी काहीतरी," असं नेवेन्काने त्याला सांगितलं आणि त्याचीही वाटी भरली.

थोड्या वेळाने ल्युबोश दारात आला. पाठीवर पिशवी चढवलेली, हातात तिचा मफलर.

"निघायला हवं. गाडीची वेळ होतेय. त्रिएस्तला खोली सांगून ठेवलीय आपण."

यार्मिलाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने डावातलं थंड होऊ दिलं, ओठांना लावलं, गिळलं. जीभ टाळूला लावून विचार केला. मग आणखी थोडं घेतलं. ल्युबोश मघापासून दारात उभा होता आणि हा तिचा कितवा घास, हे मोजायचं त्याने सोडून दिलं होतं.

"उद्या ह्यात मरवा हवा," ती नेवेन्काला म्हणाली. "ताजा मिळाला तर."

"परसात आहे थोडा."

"उद्या?" ल्युबोशने विचारलं.

ती वळली नाही.

"तुमचं घर कधीपर्यंत उघडं असतं?"

"रविवारपर्यंत," नेवेन्का म्हणाली. "आणि माझ्या भावाची खोली वर रिकामीच आहे. पाव्हण्यांना बटाटे सोलता येत असतील तर."

"येतात त्याला," यार्मिला म्हणाली, आणि डाव पुन्हा पातेल्यात घातला.

ल्युबोश उंबऱ्यावर उभा राहिला. खाली दरीत गाडीची शिट्टी वाजली. इंजिन कुठलं आहे हे तो एरवी आवाजावरून सांगायचा. आज त्याने कान दिला नाही. पाठीवरची पिशवी उतरवून त्याने ती दाराआड भिंतीला टेकवली, आणि सुरी कुठे असते म्हणून विचारलं.